मोहरीएवढं कुंकू

मित्रांनो, लिंबाएवढ्या डोक्याचा आणि एकाच डोळ्याचा मी एक जुना वेबकॅम आहे. काळाचौकीच्या एका चाळीत, पोटमाळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत माझा मुक्काम असतो. अंधार आहे, झुरळं आहेत, माझीच वायर माझ्या गळ्याभोवती गुंडाळलेली आहे. त्याची तक्रार नाही. पण एक बाई मला अजून दिसते, आणि ती का दिसते हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म कुठे झाला ते ठाऊक नाही. डोळा उघडला तो लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात. दोन हजार पाच साली लतिकाने मला तिथून घरी आणलं. ती ऑफिसात टायपिंग करायची आणि घरी तिचा एक सेकंडहँड कॉम्प्युटर होता. पहिले चार दिवस माझं काय कौतुक झालं म्हणून सांगू. अख्खा माळा मला बघून गेला. माझ्यासमोर उभं राहून बायका केस सारखे करत आणि पडद्यावर स्वतःला बघून तोंडाला पदर लावत.

फक्त लतिकाची आई, सुभद्राबाई, माझ्याशी फटकून असायची. वेणी घालायला बसली की आधी मला भिंतीकडे वळवायची. म्हणायची, "ह्यो मेलो सारखो बघता." मला तिचा राग कधी आला नाही. बघणं हाच माझा धंदा.

तिच्या नवऱ्याचं नाव दत्ताराम. तो गिरणीत साचेवाला होता, म्हणजे मागावर कापड विणायचा. ब्याऐंशीचा संप लांबत गेला, घरात दोन वर्षांची लतिका तापाने फणफणली, आणि एका सकाळी दत्ताराम मान खाली घालून कामावर गेला. एकच पाळी त्याने केली. संध्याकाळी परतला तेव्हा चाळीने त्याच्याकडे पाठ फिरवली होती. शिवी कुणी दिली नाही, नुसतं बोलणं बंद केलं. चौथ्या दिवशी तो गावी जातो म्हणून निघाला आणि गावी पोचलाच नाही.

बारा वर्षं वाट पाहून दिरांनी गावाकडे पळसाच्या पानांचा पुतळा केला आणि त्याला अग्नी दिला. दत्ताराम मेला, कुंकू पूस, असा निरोप आला. सुभद्राबाईने ते पुसलं नाही. पण राहायचं होतं त्याच चाळीत, त्याच बायकांच्यात. म्हणून तिने कुंकू लहान केलं. रुपयाएवढं होतं ते मोहरीएवढं केलं. जवळून पाहणाऱ्याला दिसावं, लांबून कुणाला टोचू नये, इतकंच. मी रोज ते पाहत होतो.

आता माझ्या दुभाष्याबद्दल सांगायला हवं. मी जे पाहतो ते कॉम्प्युटरला आपसूक कळत नाही. मधे एक प्रोग्रॅम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. माझ्या डोळ्यात आडवे सहाशे चाळीस आणि उभे चारशे ऐंशी ठिपके आहेत. ते सगळे मोजून पोचवणारा माझा स्वतःचा ड्रायव्हर एका सीडीवर माझ्याबरोबर खोक्यात आला होता. पण लतिका ऑफिसातून परतायच्या आत सुभद्राबाईने ती चकचकीत तबकडी दोऱ्यात ओवली आणि गॅलरीत टांगली. वाळत घातलेल्या सुकटावर कावळे बसत होते, चमक बघून ते उडतात. तिचंही काही चुकलं नाही, पूर्ण माळ्यावर तेच चालायचं. लतिकाने कुठूनतरी भलताच ड्रायव्हर आणून घातला. चित्र आलं. "येतंय ना चित्र, झालं मग," ती म्हणाली.

चित्र येत होतं, पण कसं? त्या परक्या ड्रायव्हरला फक्त सर्वांत लहान चित्र माहीत होतं, एकशे साठ बाय एकशे वीस. तो माझे सोळा ठिपके घ्यायचा आणि त्यांचा एक करायचा. पंधरा ठिपके कातडीचे आणि एक कुंकवाचा असला, की येणारा ठिपका कातडीचाच. आणि मग समोरचा पडदा तेच इवलंसं चित्र ताणून मोठं दाखवायचा. मोठं झालं की माणसांना वाटतं, सगळं दिसलं.

मार्चमध्ये सुरतेहून लवूचा फोन आला. लवू गिरणीत दत्तारामच्याच खात्यातला, चाळ सोडून त्याला पंधरा वर्षं झाली होती. त्याला दत्ताराम सापडला होता. जिवंत होता, एका पॉवरलूमवर काम करत होता. घरी यायला मात्र तयार नव्हता. एकदा तिला बघू दे, मग ठरवतो, एवढंच त्याने कबूल केलं होतं. रविवारी दुपारी दोन वाजता लवू त्याला एका सायबर कॅफेत बसवणार होता. आवाजाची सोय तिथे नव्हती. नुसतं बघायचं.

त्या रविवारी सुभद्राबाईने इस्त्रीची साडी नेसली. खुर्चीत बसली आणि नवऱ्यासमोर बसायचं म्हणून पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतला. मंगळसूत्र त्याखाली गेलं. लतिका म्हणाली, "आई, जरा पुढे सरक." ती सरकली नाही. बावीस वर्षांनी एकदम पुढे कशी सरकणार?

मी दत्तारामला पाहिलं ते फक्त तिच्या चष्म्याच्या काचेत, पडद्याच्या प्रतिबिंबात. तांदळाच्या दाण्याएवढा एक राखाडी माणूस. त्याने हात उचलून कानामागे धरला. साच्यांच्या आवाजाने बहिऱ्या झालेल्या माणसांची ती सवय असते, आवाज नसला तरी जात नाही.

"तेच आसत," सुभद्राबाई हळूच म्हणाली.

मी जिवाच्या आकांताने पाहत होतो. कुंकू मला स्वच्छ दिसत होतं. तीन ठिपके, लालभडक. मी ते देत होतो आणि दुभाषा ते पुसत होता. काचेतला माणूस खूप वेळ हलला नाही. मग तो उठला. काचेत नुसती खुर्ची उरली.

दहा मिनिटांनी फोन वाजला. लतिकाने कानाला लावला, पण लवू इतका मोठ्याने बोलत होता की मलाही ऐकू आलं.

"तो उठान गेलो गो. तेचा म्हणणा होता, कपाळार कुंकू असला तर घराक जातंय, नसला तर तिका त्रास दिवचंय नाय. तुका सांगू नको म्हणान शपथ घातल्यान. कपाळ मोकळा दिसला. माका पण तसाच दिसला."

"काका, कुंकू आहे. आत्ता माझ्यासमोर आहे. जा, धरून ठेवा त्यांना."

लवू धावला. कॅफेबाहेर तो नव्हता, खोलीवर नव्हता, दुसऱ्या दिवशी पॉवरलूमवरही आला नाही. त्यानंतर त्याला कुणीच पाहिलं नाही.

त्याच संध्याकाळी लतिकाने गॅलरीतली सीडी उतरवली. त्या तबकडीला सुकटाचा वास येत होता. ओढणीने पुसून मशीनमध्ये घातली आणि माझा खरा ड्रायव्हर चालू झाला. पडद्यावर आईचं कपाळ आलं, आणि त्यावर ते कुंकू. लतिका माझ्याकडे पाहत हुंदके देऊन रडली. माझा तिने काही दोष काढला नाही. काढला असता तर बरं वाटलं असतं.

सुभद्राबाई रडली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने पुन्हा रुपयाएवढं कुंकू लावलं. चाळ काय म्हणेल हे तिने विचारलं नाही, आणि चाळही काही म्हणाली नाही. दर रविवारी दोन वाजता ती माझ्यासमोर बसायची, आता अगदी जवळ, पदर एका खांद्यावर. पलीकडे कुणी नसायचं. ती लतिकाला विचारायची, "आता दिसता काय गो?" आणि लतिका म्हणायची, "दिसतं, आई." चार वर्षं हे चाललं. मग एका रविवारी खुर्ची रिकामी राहिली आणि लतिकाने मला ट्रंकेत ठेवलं.

मित्रांनो, माझे धाकटे भाऊ आता तुमच्या खिशात असतात आणि त्यांचे डोळे माझ्याहून कितीतरी तीक्ष्ण आहेत. तरी माझी एक विनवणी ऐका. पडद्यावर कुणाचं कपाळ कोरं दिसलं, तर लगेच उठून जाऊ नका. मधे कोण बसलंय आणि त्याने काय गाळलंय, ते तुम्हाला दिसत नाही. थांबा, आणि त्या माणसाला विचारा.

दुपारचे दोन वाजले की अजूनही माझ्या काचेत ती येऊन बसते. आता दिसता काय, विचारते. मला आवाज दिलेला नाही, नाहीतर सांगितलं असतं. दिसतं, सुभद्राबाई. मला तेव्हाही दिसत होतं.