ऐंशी युनिट

बायको गेली त्याला अकरा दिवस झाले होते. पण काय घडलं ते मला कळलं, घराचं विजेचं बिल आलं त्या दिवशी.

सकाळी गिरणी उघडून मी पहिला डबा दळायला घेतला होता. वारा सुटला होता. नांगरलेल्या रानातली माती उडून दारात येत होती. बिलवाल्यानं सायकल भिंतीला लावली आणि तोंड पुसत आत आला.

"तात्या, हे गिरणीचं, हे घराचं." मग जरा घुटमळला. "काकूंचा अंदाज या खेपेला चुकला बघा. तीनशे युनिट म्हणाल्या होत्या ना? दोनशेवीसच पडलेत."

"ती चुकत नाही."

"अहो, कमीच आलंय. बरंच झालं की!"

दळण अर्ध्यावर होतं, तरी मी मोटार बंद केली.

माझी बायको चौथीपर्यंत शिकलेली. पण विजेचा अंदाज घ्यायला गावातली सगळी माणसं तिच्याकडे यायची. ती त्यांच्या घरी जाऊन सगळं बंद करायला लावायची. मग एकच वस्तू चालू करून मीटरसमोर बसायची. मीटरचा लाल दिवा दहादा लुकलुकला की या मुठीतला एक दाणा त्या मुठीत. असं एकेका वस्तूचं मोजून ती महिन्याचा आकडा सांगायची. शितावरून भाताची परीक्षा.

एकदा कोंबडीवाला आला. म्हणाला, "वहिनी, पिल्लांना ऊब द्यायला नुसते बल्ब लावलेत. तरी बिल बघा, आम्हीच भाजून निघायची वेळ आली."

ती त्याच्या शेडवर गेली, दाणे मोजले आणि हसत उठली. "भावजी, पिल्लं बिचारी गरीब आहेत. तुमचा राखणदार विजेची शेगडी लावून दोन वेळा मटण शिजवतो, ती आधी उचला."

"मटण? माझ्याच कोंबड्या असतील!"

"ते तुम्ही मोजा. मी वीज मोजते."

आमच्या घरच्या मीटरशेजारी भिंतीवर ती दर महिन्याचा अंदाज कोळशानं लिहायची. बिल जुळलं की आकड्याखाली ठिपका. पाच युनिटांपेक्षा जास्त फरक पडला तर आकड्यावर काट मारायची, असं तिनंच ठरवलेलं. अकरा वर्षांत भिंतीवर एकही काट नव्हती.

बावीस वर्षं ती माझ्याबरोबर गिरणीत उभी राहिली. पीठ तिच्या छातीत गेलं. शेवटी डॉक्टरांनी श्वासाचं यंत्र दिलं. म्हणाले, दिवसरात्र चालू ठेवायचं, झोपेतही नाकातली नळी काढायची नाही. यंत्र घरात आलं आणि बाईनं पहिलं काय केलं? मला सगळं घर बंद करायला लावलं आणि दाणे घेऊन मीटरसमोर बसली.

"तीन तासांना एक युनिट. म्हणजे दिवसाला आठ," ती थांबत थांबत म्हणाली. "महिन्याला दोनशेचाळीस. बाकी घराचे साठ. लिहा तीनशे."

तिला उभं राहवत नव्हतं, म्हणून त्या महिन्याचा आकडा मी लिहिला. लिहिता लिहिता बोलून गेलो, "अगं, दारात हत्तीच बांधलास की!"

ती हसली. हसता हसता खोकली. म्हणाली, "मग दिवसा सोडू त्याला चरायला."

मीही हसलो.

बरोबर महिन्यानं रीडिंग घेऊन गेले. त्यानंतर चार दिवसांनी ती गेली.

बिल खिशात घालून मी घरी आलो. दिवा, पंखा, सगळं बंद केलं आणि यंत्राचं बटण दाबलं. यंत्रातून टीं असा बारीक आवाज आला, मग ते घरघरायला लागलं.

तो आवाज माझ्या ओळखीचा होता. महिनाभर रोज चार वाजता मी अंगणात सायकल लावली की तो ऐकू यायचा.

"काय वाजलं गं?" मी विचारायचो.

"वाजतं अधूनमधून. हातपाय धुवा, जेवायची थांबलेय."

मी दाणे घेऊन बसलो. दोनदा मोजलं. तीन तासांना एक युनिट, तिनं सांगितलं तेच. ऐंशी युनिट कमी, म्हणजे दोनशेचाळीस तास. महिन्याचे दिवस तीस. रोजचे आठ तास. मी आठला गिरणीत जायचो आणि चारला परत यायचो.

यंत्राची घरघर ऐकून शेजारची वैनी दारात आली. "अगंबाई, मशीन कोण लावून बसलंय?"

"वैनी, ती दिवसा हे बंद ठेवायची का?"

वैनीनं पदर तोंडाला लावला. "मी एकदा आले होते दुपारी. ती उशीला टेकून बसली होती, ओठ निळे पडलेले. म्हटलं, बाई, मशीन का बंद? तर म्हणाली, हत्ती चरायला सोडलाय. मला वाटलं, चेष्टा करतेय. तुम्हाला सांगायला हवं होतं हो, भावजी."

"तुमचं काय चुकलं? बोललो मी होतो."

यंत्र दुसऱ्या दिवशी परत केलं. बैल गेला नि झोपा केला, तसं हे सगळं मोजणं. तिचे दाणे डब्यात ठेवले. गिरणी पुन्हा चालू केली, लोकांची राहिलेली दळणं दिली. कोंबडीवाला नव्या शेडचा अंदाज विचारायला आला होता. त्याला म्हटलं, आता दुसरीकडे बघा.

फरक ऐंशीचा आहे. तिच्या नियमानं काट मारायला हवी. कोळसा घेऊन मी दोनदा मीटरसमोर उभा राहिलो. भिंतीवरच्या तीनशेवर काट मारायची अजून राहिली आहे.