दहा मिनिटांची बैठक

रविवारी सकाळी पावणेसातला अनुजा परब दादरच्या तलावातून खोकत वर आली आणि तिची मालवणची जागा गेली.

तलाव म्हणजे पोहण्याचा तलाव. बारा फूट खोल, निळ्या फरशांचा, क्लोरीनचा वास मारणारा. तिथे दर रविवारी एक तासभर स्कूबाचा क्लब भरतो हे खुद्द दादरकरांनाही फारसं ठाऊक नाही, आणि कळलं की ते हसतात. अनुजाच्या आईनेच एकदा विचारलं होतं, "अगं, चौपाटी समोर असताना टाकीत कसल्या बुड्या मारता?" चौपाटीच्या पाण्यात आपलाच हात आपल्याला दिसत नाही, हे आईला सांगून काय उपयोग? तर क्लब वर्षभर टाकीत बुडतो आणि दिवाळीनंतर एकदा, फक्त एकदा, मालवणला जाऊन खऱ्या समुद्रात उतरतो. बोटीत जागा सहा. गेली तीन वर्षं अनुजा सातवी होती.

पहिल्या वर्षी तिचा कान दुखावला. दुसऱ्या वर्षी वडिलांचं ऑपरेशन निघालं. तिसऱ्या वर्षी सेक्रेटरी विनीतचा मेहुणा कुठून तरी उगवला आणि सहावा होऊन बसला. या तीन वर्षांत क्लबचं कोरडं काम मात्र सगळं तिच्या गळ्यात होतं. फॉर्म भरून घ्यायचे तिने, डॉक्टरांचे दाखले जमवायचे तिने, पायांत घालायचे रबरी फिन्स धुवून वाळत घालायचे तिने. आठवडाभर परळच्या लॅबमध्ये लोकांच्या रक्ताच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवायच्या आणि रविवारी इथे रबरी बूट मोजायचे, असा तिचा समुद्राशी संबंध.

यंदा पाच नावं ठरली होती. सहाव्या जागेसाठी दोघं: अनुजा आणि अनिश. अनिश क्लबात येऊन चार महिने झालेले, राहायला परळच्या टॉवरमध्ये, पोहण्याचा सूट स्वतःचा आणि तोही इस्त्री केल्यासारखा. दोघांनी नानांची बैठक द्यायची आणि नाना सांगतील ते नाव, असं ठरलं.

नाना गावकर म्हणजे क्लबचे जन्मदाते. वय एकाहत्तर. तीस वर्षं गोदीत पाणबुडे होते. जहाजांच्या पोटाखाली, काळ्याकुट्ट पाण्यात, नुसत्या हाताच्या बोटांनी चाचपून त्यांनी कामं केली होती. त्यांची बैठक दिसायला सोपी. तलावाच्या तळाशी मांडी घालायची आणि दहा मिनिटं बसायचं. काही म्हणजे काही करायचं नाही. समोर हाताच्या अंतरावर जोडीदार बसलेला असतो. काही बिनसलं तर त्याला खूण करायची, त्याच्याकडची जादा नळी तोंडात घ्यायची आणि दोघांनी मिळून सावकाश वर यायचं. असं वर आलेल्याला नाना पुन्हा बसवतात. जो खूण न करता एकटाच वर उसळतो, तो बाद. त्या वर्षी त्याला परत संधी नाही.

अनुजा साडेतीन मिनिटांत उसळली. खूण नाही, काही नाही. अनिश दहा मिनिटं ठोंब्यासारखा बसला आणि वर येऊन "झाली पण?" म्हणाला.

"होतं गं असं," विनीत तिच्या खांद्यावर टॉवेल टाकत म्हणाला. "पॅनिक अटॅक. लेडीजना जरा जास्तच होतं, गूगलवर आहे."

"मला पॅनिक झालं नाही," अनुजा म्हणाली. "श्वासाबरोबर पाणी येत होतं. प्रत्येक श्वासाला."

"हो ना, तसंच वाटतं."

हातातला फिन त्याच्या थोबाडावर मारावा असं तिला फार वाटलं. नानांनी वहीत तिच्या नावासमोर काट मारली, चष्मा खिशात घातला आणि माझगावला घरी निघून गेले.

आणि एवढं होऊनसुद्धा सामान धुवायला मागे थांबली कोण? अनुजाच! सवय म्हणतात ती ही. तिची जोडीदार संघमित्रा तेवढी मदतीला थांबली होती. संघमित्रा भायखळ्याची, पालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवते, आणि कुठलीही गोष्ट उघडून पाहिल्याशिवाय तिला चैन पडत नाही. सामानाच्या खोलीत तिने अनुजाचा सात नंबरचा रेग्युलेटर उचलला. तोंडात धरून श्वास घ्यायचा तो भाग तिने स्क्रू फिरवून उघडला. सोडलेला श्वास बाहेर जायला तिथे रबराची एक पातळ चकती असते. ती चकती हवा बाहेर सोडते, पाणी आत येऊ देत नाही. संघमित्राने नखाने ती चकती उचलली.

"अनुजा, इकडे ये. हे काय आहे बघ."

चकतीखाली तांदळाचा एक दाणा अडकला होता. कुंकवाने लाल झालेला, पाण्याने फुगलेला.

गुरुवारी दसरा होता. दसऱ्याला क्लबात सामानाची पूजा होते, नानांनीच घालून दिलेला शिरस्ता. सिलिंडर, मास्क, रेग्युलेटर सगळं सतरंजीवर मांडायचं, झेंडू वाहायचा, नाना स्वतः मूठभर अक्षता टाकतात आणि मग स्वतःच सगळं धुवून पुसून कपाटात ठेवतात. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. संघमित्राच्या घरी असल्या पूजा होत नाहीत, त्यामुळे ती दर वर्षी त्या वेळी बाहेर चहा पीत बसते, आणि तिला कुणी आग्रहही करत नाही.

"म्हणजे पाणी खरंच येत होतं!" अनुजा ओरडलीच. तिला हसावं की रडावं कळेना. "मी घाबरले नव्हते. नानांनी धुतलं नाही नीट. माझी जागा तांदळाने घालवली!"

"चल, मी साक्षीला येते हवं तर," संघमित्रा म्हणाली. "पण एक विचारू? मला खूण का नाही केलीस?"

"वेळ कुठे होता?"

"मी समोरच होते गं. तुझा गुडघा माझ्या गुडघ्याला लागत होता."

"तू कुणाच्या बाजूने आहेस?" अनुजा म्हणाली, आणि दाणा कागदाच्या पुडीत बांधून, रेग्युलेटर पिशवीत टाकून एकटीच निघाली.

घरी लालबागला जाऊन ती जेवली नाही. विनीत संध्याकाळी सात वाजता बोटवाल्याला नावं कळवणार होता. साडेसहाला ती माझगावला नानांच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर पोहोचली. नाना गॅलरीत स्टुलावर बसले होते. त्यांच्यासमोर धुण्याचा मोठा निळा टब पाण्याने भरलेला, शेजारी एक सिलिंडर. दुरुस्त केलेलं सामान ते या टबात बुडवून तपासत. चाळीतल्या लोकांना त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

अनुजाने पुडी उघडून त्यांच्यापुढे धरली. "सात नंबरमध्ये होता. चकतीखाली."

नानांनी चष्मा लावला. दाणा तळहातावर घेतला, उजेडाकडे धरला. त्यांचा चेहरा उतरला, आणि अनुजाला त्यांची कीव आली. पण कीव करायला ती आली नव्हती.

"चूक माझी," नाना म्हणाले. "धुतलंय मीच. डोळ्यांनी दगा दिला. सगळ्यांका सांगेन मी."

"मग जागा माझी ना?"

"नाय."

"नाय म्हणजे?"

"पाणी शिरला तर काय करायचा, शिकवलंय ना? रेग्युलेटरवरचा बटण दाबून पाणी बाहेर काढायचा. नाय जमला तर जोडीदाराची नळी. तू काय केलंस?"

"नाना, फुप्फुसात पाणी जात होतं माझ्या!"

"टाकीत बारा फूट गो. समुद्रात साठ फुटांवरनं अशी उसळलंस तर वर येईपर्यंत तुझ्या फुप्फुसांचा काय होईल, ठाव आसा?"

आता मात्र अनुजाचा बांध फुटला. तीन वर्षांचं साचलेलं सगळं ती भडाभडा बोलली. कान, ऑपरेशन, मेहुणा, फॉर्म, फिन्स, तो इस्त्रीचा अनिश. दुसऱ्यांना समुद्रात पाठवून आपण मुंबईत त्यांचे टॉवेल वाळवायचे, याचा तिला वीट आला होता. "माशांचे व्हिडिओ पाठवतात मला मालवणहून! खाली लिहितात, मिस यू! चूक तुमची, आणि शिक्षा मला? घाला तो दाणा परत. जसा होता तसा घाला. इथेच, या टबात, दहा मिनिटं तोंड बुडवून बसते. मग तर झालं?"

नानांनी तिच्याकडे पाहिलं. मग दाणा आणि रेग्युलेटर घेऊन ते आत गेले. स्क्रू फिरवल्याचा आवाज आला. नानांची बायको कांताकाकू चहा घेऊन बाहेर आली, तो तसाच कठड्यावर ठेवला आणि दारात उभी राहिली.

नानांनी बाहेर येऊन रेग्युलेटर सिलिंडरला जोडला, हवा सोडली. "बस."

अनुजाने मास्क लावला, रेग्युलेटर दातांत धरला, टबापुढे गुडघे टेकले आणि चेहरा पाण्यात घातला. टबाचा निळा तळ वीतभर अंतरावर होता. पहिला श्वास. जिभेवर ओल आली. येणारच, तिला माहीत होतं. दुसरा श्वास, आणखी ओल. आता दाणा आत हलतोय, चकती उचलली जातेय, हे तिला डोळ्यांपुढे दिसायला लागलं. बटण दाबायचं, तिने स्वतःला बजावलं. हात बटणाकडे न जाता टबाच्या काठाकडे गेला. पाचवा, सहावा, सातवा श्वास. घसा ओला झाला, छातीत काही तरी चढत गेलं, बारा फुटांवर सकाळी चढलं होतं अगदी तेच. ती पाणी उडवत वर आली. कठड्यावरचा चहा सांडला.

"किती झालं?" तिने मास्क ओढून काढत विचारलं.

"पाऊण मिनिट."

"घोटघोट पाणी येतंय, नाना! कोण बसेल असं? तुम्ही बसून दाखवा!"

नानांनी डावी मूठ उघडली. दाणा तळहातावर होता. मुठीतल्या घामाने त्याचं कुंकू हाताच्या रेषांत उतरलं होतं.

"घातलंच नाय मी," नाना म्हणाले. "सात नंबर आता ठणठणीत हा. थेंब येणा नाय त्यातून."

अनुजा तशीच गुडघ्यांवर बसून राहिली. केसांतून पाणी गळत होतं. रेग्युलेटर पुन्हा तोंडात धरून तिने श्वास घेतला. कोरडी हवा आली.

"फसवलंत मला."

"होय."

"पोरीक कित्याक रडवतास?" कांताकाकू नवऱ्यावर कडाडली.

"मी रडत नाहीये, काकू," अनुजा म्हणाली. ती रडत होती. म्हाताऱ्याचा राग आला होता, संघमित्राचा आला होता, आणि सगळ्यात जास्त आपल्या त्या हाताचा, जो बटणाकडे गेला नाही. सकाळी तो संघमित्राकडेही गेला नव्हता.

"सकाळी पाणी खरा होता," नाना हळू आवाजात म्हणाले. "ता मी नाकारूचंय नाय. पण आता नव्हता. तू दोन्ही येळा सारखीच उसळलंस."

सात वाजले होते. नानांचा फोन वाजला. विनीत होता. नानांनी फोन स्पीकरवर टाकला.

"विनीत, आधी ऐक. सात नंबरात पूजेचा तांदूळ रवलेला. धुतलं मी, चूक माझी. सगळ्यांका तसा सांग. कपाटाची चावी पण मी आता ठेवणार नाय."

पलीकडे विनीत गडबडला. "अहो नाना, असं काय... बरं, पण मग सहावं नाव?"

"अनुजा हय बसलीहा. ती सांगात." नानांनी फोन तिच्यापुढे सरकवला आणि सात नंबर खोलून पुसायला घेतला.

"अनुजा, अगं सॉरी यार!" विनीत म्हणाला. "सामानातच फॉल्ट होता म्हटल्यावर प्रश्नच नाही. अनिशला मी समजावतो. तुझंच नाव घालतो, ओके? बोटवाला दुसऱ्या लाइनवर आहे, पटकन बोल."

आयुष्यात इतकी सोपी गोष्ट तिला कुणी विचारली नव्हती. एक हो म्हणायचं होतं. टबातलं विनीतला ठाऊक नव्हतं, कधी कळलंही नसतं. तिने नानांकडे पाहिलं. ते चकती फडक्याने पुसत होते, पुसून झालेलीच पुन्हा पुसत होते.

"हॅलो? अनुजा?"

"अनिशचं नाव घाल," ती म्हणाली.

"काय? का पण?"

"घाल म्हटलं ना!" तिने फोन बंद केला आणि स्टुलावर आपटला. इतका संताप तिला सकाळीही आला नव्हता. नानांनी मान वर केली आणि ते टब रिकामा करायला उठले.

"नाना, पाणी ओतू नका," अनुजा म्हणाली, आणि मास्क पुन्हा चढवला.