नानांचा 'अलास'

माहेरी कोणी वारलं की सासरहून येणाऱ्या लेकीने गल्लीच्या तोंडापासूनच 'माय वं' म्हणत गळा काढायचा, अशी आमच्याकडची रीत आहे. तो आवाज ऐकून बाया आईला धरून दाराशी आणतात आणि मायलेकी गळ्यात पडून रडतात. आई त्याआधी रडलेली असते, पण तिचं खरं रडणं लेकीसाठी राखलेलं असतं.

माझे वडील, नाना, गेल्याची तार मला सासरी धुळ्यात एक दिवस उशिरा मिळाली. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. बोदवडला गाडीतून उतरले, टांग्याने गावात आले, गल्लीतून घरापर्यंत चालत गेले, तरी तोंडून काही फुटलं नाही. आई दाराशी बसून त्या आवाजाची वाट पाहत होती. मला पाहून ती अर्धी उठली आणि पुन्हा बसली.

"शिकेल-सवरेल पोरी रडतबी नहीत का वं?" शेजारच्या बेबाबाई कोणाला तरी म्हणाल्या. मला ऐकू यावं इतपतच हळू.

तीन दिवस आई नीट जेवली नाही, रडलीही नाही. भिकुबाई मावशीने मला मागच्या दारी नेऊन सांगितलं, की तिचं रडणं तुझ्यापाशी अडकलंय. एकदा मोठ्याने रड, खोटं का होईना. मला तेही जमेना.

नाना गावच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत. हुर्रा म्हणजे आनंद, ब्राव्हो म्हणजे शाबासकी, अलास म्हणजे अरेरे. हे शब्द कोणी खरोखर उच्चारताना त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. हाताची घडी घालून, हजेरी घ्यावी तशा सुरात ते म्हणत आणि वर्गातले आम्ही चाळीस जण त्याच सुरात मागून म्हणत असू. घरीही त्यांना काही वाटलं तर ते याच शब्दांतून बाहेर पडे. दहावीला मी शाळेत पहिली आले तेव्हा निकालाचा कागद घडी करत ते 'हुर्रा' म्हणाले आणि चहा मागितला. मराठीत बोलायला जीभ झडते का, असं आई त्यांना विचारी.

चौथ्या दिवशी दुपारी बाया पांगल्यावर आई एकदम म्हणाली, "तुह्या लग्नात, वऱ्हाडाची गाडी सुटली तव्हा, स्टेशनवर तुले काय म्हनले होते ते?"

मी विसरले नव्हते. नाना माझ्या खिडकीचा गज धरून उभे होते. गाडी हलली तसा त्यांनी गज सोडला, हाताची घडी घातली आणि म्हणाले, "अलास." त्याच हजेरीच्या सुरात. मला वाटलं, रडू नये म्हणून गंमत करताहेत. मी खळखळून हसले. चार पावलं गाडीबरोबर चालून ते थांबले.

"का गं?" मी विचारलं.

"घरी आले अन् म्हने, पोरगी हसली. बरं झालं, हसत गेली. मंग दोन दिवस जेवले नहीत. मी किती इचारलं, पन सांगितलं नही."

"अलास म्हणाले."

"म्हंजे?"

शाळेत नानांनी वहीत 'अरेरे' लिहून दिलं होतं. पण आमच्या गावात अरेरे म्हणतात ते सांडलेल्या दुधाला. आई माझ्याकडे पाहत होती. नऊ वर्षं ती या एका शब्दासाठी थांबली होती.

"म्हणजे, माय वं," मी म्हणाले.

सांगायचं म्हणून म्हणाले होते. पण ते शब्द पुन्हा आले, न बोलावता. मग इतके मोठ्याने, की पलीकडे बेबाबाईंचं सूप पाखडता पाखडता थांबलं.

आई भिंतीला धरून उठली आणि माझ्याकडे आली.