न्यूट्रलमध्ये मी अगदी बरी असते

मी बोलतेय. आवाज जरा थरथरतोय असं वाटलं, तर तो तुमचा भास आहे. थरथर होती, ती गेली. तिचीच हकिकत सांगायची आहे.

मी चांदीच्या रंगाची, सतरा वर्षांची मोटारगाडी. मला क्लच नाही. पायाशी दोनच पेडल, एक पळायला आणि एक थांबायला. गियर माझे मीच बदलते. पुण्यात दातांच्या एका डॉक्टरीणबाईंकडे अकरा वर्षं होते, तिथं याचं कुणाला कौतुक नव्हतं. परभणीत आले तर अख्खी गल्ली आत डोकावून तिसरं पेडल शोधू लागली. ते पुण्यातच काढून घेतलं असणार, असं एकानं जाणकार चेहऱ्यानं सांगितलं.

मला आणलं बुद्धभूषण सरांनी. ते पेडगावच्या शाळेत गणित शिकवतात. लहानपणच्या पोलिओनं त्यांचा डावा पाय वाळलेला आहे, क्लच दाबणं त्याला जमत नाही. माझ्याआधी चौदा वर्षं ते त्याच शाळेतल्या योगीराज सरांच्या मोटारसायकलवर मागे बसून शाळेला जात. योगीराज सर माणूस भला, पण लग्नसराईत त्यांच्या रजा फार. त्यांनी रजा टाकली की यांचीही पडायची. माझी किल्ली हातात आली त्या दिवशी सर काही काम नसताना पोखर्णीपर्यंत गेले. तिथल्या देवळात गेले नाहीत, काही घेतलं नाही. रस्त्याच्या कडेला थांबून पाणी प्यायले आणि परत फिरले. मला तेव्हा ते विचित्र वाटलं होतं.

शाळेच्या वाटेवर रेल्वेचं गेट आहे. ते बंद असलं की सर माझी गियरची दांडी पुढं 'पी'वर, म्हणजे पार्किंगला टाकतात आणि टपरीवाल्या सगुणाबाई खिडकीतून चहाचा ग्लास देतात. सर तो डॅशबोर्डवर ठेवतात. गेट उघडताना दिसलं की ब्रेक दाबून दांडी मागं 'डी'वर, म्हणजे चालायच्या गियरवर घेतात, उरलेला चहा एका घोटात संपवतात, ग्लास देतात आणि निघतात.

गेल्या दिवाळीनंतर मला थरथर सुटली. जागेवर उभी राहिले की अंग कापायचं. आरशात मागचा एक ट्रक दोन दिसायचा.

सर मला जिंतूर रोडला बालाजी मिस्त्रींकडे घेऊन गेले. मिस्त्रींचा हात चांगला, पण तीस वर्षं जीप आणि टेम्पोत गेलेली. त्यांनी आधी दांडी न्यूट्रलला टाकली, हँडब्रेक ओढला, मग बोनट उघडलं. मी शांत. त्याला मी काय करणार?

"गाडी तर गुमान उभी हाय की, सर."

"आत्ता न्हाई करायली. गेटवर करती."

मिस्त्रींनी प्लग बदलले. गेटवर पुन्हा थरथर. मग थ्रॉटल धुतला, हवेचा फिल्टर बदलला. नवे कपडे कुणाला नकोत? पण पोट दुखणाऱ्याला चष्मा दिल्यासारखं झालं. चौथ्या खेपेला मिस्त्री म्हणाले, "गियरबॉक्स गेला असंल. आपल्याकडं असला कुणी खोलत न्हाई. भंगारात द्या."

मी अंगणात उभी असते आणि स्वयंपाकघराची खिडकी माझ्यावरच उघडते, त्यामुळं पुढचं मला ऐकू आलं.

"मंग शाळंला?" धम्मशीलाताईंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं विचारलं.

"योगीराज हाय की."

 भंगारवाला रविवारी येणार असं ठरलं. मला भीती वाटली. माझी वाटलीच, पण सरांची जास्त वाटली.

शनिवारी सकाळी गेट बंद होतं. सगुणाबाईंनी ग्लास दिला.

"मावशी, सोमवारपासून मी मोटारसायकलवर मागं बसून येणार. गाडी मोडीत काढायलोय."

"का वं?"

"उभी राहिली की थरथरायलीय. मिस्त्रीला सापडंना."

"ही थरथर व्हय? ती तुमी दांडी मागं वढल्यावरच होती. म्होरं असली की च्या निवांत असतो. रोज बघायलेय मी. ग्लास माझा हाय, ध्यान ठिवावं लागतंय."

सरांनी दांडी मागं घेतली. चहावर बारीक वर्तुळं उठली. पुढं टाकली, विरली. पुन्हा मागं. गेट उघडलं, मागचे हॉर्न वाजवू लागले आणि गणिताचे सर दांडी मागंपुढं करत चहा बघत बसले.

शाळा सुटल्यावर ते तसेच गॅरेजला आले. "मिस्त्री, ब्रेक मी दाबून धरतो. गियरमधी बघा."

"गाडी गियरमधी ठिवून बोनटात डोकं घालणारा मिस्त्री म्हातारा व्हत न्हाई, सर."

"मंग बाजूला उभं राहून बघा."

मिस्त्रींनी चाकांना दगड लावले आणि बाजूला उभे राहिले. दांडी 'डी'वर येताच माझं इंजिन एका अंगाला कललं. ज्या रबरावर ते बसतं, ते फाउंडेशन फाटलं होतं. न्यूट्रलमध्ये किंवा 'पी'वर त्यावर जोर नसतो. गियर पडला की जोर येई आणि लोखंडाला लोखंड लागे. गियरबॉक्स ठणठणीत होता.

मिस्त्रींनी फडक्याला हात पुसले. "तीस वर्षं झाली, आमी आधी न्यूट्रलच करायलोत," म्हणाले. ती माफीच होती, मी धरून घेतली.

भंगारवाल्याला धम्मशीलाताईंनी चहा पाजून दारातूनच परत पाठवलं. रबर नांदेडहून एसटीच्या पार्सलनं आलं. ते बसवल्यावर गेटवर सरांनी दांडी 'डी'वर घेतली, ब्रेक दाबला आणि भरला ग्लास डॅशबोर्डवर ठेवला. चहा हलला नाही. सगुणाबाईंनी वाकून पाहिलं, "बसला," म्हणाल्या आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं गेल्या. सरांचे डोळे भरून आले. आरशात त्या वेळी ते एकच दिसत होते.

माझं मागणं थोडं आहे. गाडी असो की माणूस, तब्येत विचारायची असेल तर ओझं अंगावर असताना विचारा. न्यूट्रलमध्ये कुणाचंच काही दुखत नाही.

योगीराज सरांनी मोटारसायकल विकली. आता ते माझ्या डाव्या सीटवर बसून शाळेला येतात. परवा बुद्धभूषण सरांना ताप होता, ते गेले नाहीत. योगीराज सरांचीही रजा पडली.