माझ्या जागी आलेली चिमुरडी

मित्रांनो, मलकापूरला स्टेशनरोडवर लग्नपत्रिकांचं एक लहानसं दुकान आहे. तिथल्या टेबलाचा खालचा खण ओढलात, तर जुन्या ओढणीत गुंडाळलेली मी दिसेन. मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. कंपासपेटीपेक्षा रुंद, आणि हाताला विटेसारखी जड. कॉम्प्युटर बंद केल्यावरही जे लक्षात राहतं, ते माझ्या पोटात राहतं.

माझा जन्म दूरदेशी, धुळीचा कणही नसलेल्या कारखान्यात झाला. माझ्या पोटात आरशासारख्या तबकड्या बसवल्या आणि त्यांच्यावरून अलगद फिरणारा एक बारीक हात दिला. तबकड्या गरगर फिरतात आणि तो हात हवं ते शोधून आणतो. माझ्या झाकणावर आकडा छापला, पाचशे. त्या काळी पाचशे जीबी ही फार मोठी जागा होती. मला त्याचा गर्व होता. तो अजून पुरता गेलेला नाही.

दुकान कचरूभाऊंचं. मला बसवायला आलेल्या माणसाने विचारलं, आत भिंती घालून दोन-तीन खोल्या करू का? अशा खोलीला पार्टिशन म्हणतात, आणि शहाणी माणसं त्या करून घेतात. पण कचरूभाऊ नुकतेच भावांपासून वेगळे झाले होते. भरल्या घराच्या मधोमध उभी राहिलेली भिंत त्यांनी पाहिली होती. ते म्हणाले, "घरात भिंती लय झाल्या बाप्पा. इथं तरी नको." म्हणून या टोकापासून त्या टोकापर्यंत मी एकच मोठी खोली झाले. या एका वाक्याने पुढे केवढा घोळ घातला, ते सांगतेच.

पत्रिकेचं काम एका बैठकीत होत नाही. आमच्याकडे पत्रिकेवर सगळ्या भाऊबंदांची नावं लागतात. एखाद्या चुलत आजोबांचं नाव राहिलं, तर ते मांडवात येतात पण पानावर बसत नाहीत. म्हणून लोक पुन्हा पुन्हा येत, नावं वाढवत, खालचं वर घेत. कुणाची पत्रिका 'नमो बुद्धाय'ने सुरू होई, कुणाची गणपतीने. कचरूभाऊ त्या घरातली मागच्या लग्नाची पत्रिका माझ्यातून काढत आणि त्यावरून नवी बांधत. मधल्या काळात जे गेले, त्यांच्या नावाआधी 'कै.' किंवा 'कालकथित' लावताना ते जरा थांबत. लोक म्हणत, "कचरूभाऊच्या मशीनले सारं खानदान पाठ हाय." उन्हाळ्यात दुकानात एकच पंखा असे आणि त्याचं तोंड माझ्याकडे असे. गिऱ्हाईक घामाने निथळलं तरी कचरूभाऊ तो वळवू देत नसत. मित्रांनो, याहून मोठा मान मी कधी मागितला नाही.

त्या दिवसांतले सोनाळ्याचे निवृत्तीभाऊ मला आठवतात. थोरल्या मुलाची, हर्षलची पत्रिका करायला आले होते. सगळी नावं झाल्यावर त्यांनी एक कागद मागितला आणि आपल्या हाताने, उजवीकडे कललेल्या अक्षरात एक ओळ लिहिली: 'जेवल्याबिगर कोणी गेलं त आमची झुंबर मले घरात घेणार नाही.' ती त्याच अक्षरात छापायची, असा हट्ट धरला. बायकोचं नाव असं पत्रिकेवर कोणी टाकत नसे. कचरूभाऊ पोट धरून हसले, पण त्यांनी तो कागद स्कॅन करून पत्रिकेच्या तळाशी बसवला. झुंबरबाई म्हणे लाजेने कितीतरी दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत.

वर्षं गेली. कचरूभाऊंना डोळ्यांनी धूसर दिसू लागलं आणि दुकान त्यांच्या मुलीकडे, समताकडे आलं. मीही थकले होते. तापले की माझ्या पोटातून टक्‌ टक्‌ आवाज येई आणि अर्ध्या नावांवर मी गोठून बसे. केलेलं सगळं पुसलं जाई. समता कपाळाला हात लावी.

एके दिवशी ती नवी डिस्क घेऊन आली. पत्त्यांच्या अर्ध्या कॅटएवढी, वजनाला काहीच नाही. पोटात तबकडी नाही, हात नाही, आवाज नाही. अंगावर आकडा होता दोनशे चाळीस. माझ्या निम्मीसुद्धा नाही! आणि समता वडिलांना सांगत होती, "बाबा, पापणी लवायच्या आत चालू होते ही. तापतबी नाही. हिले पंखा नाही लागत."

मित्रांनो, माझ्या अंगाची आग झाली. पंखा लागत नाही म्हणे! ज्या घरात मी जन्म काढला, तिथे सवत यावी आणि तिने येताच म्हणावं की मला तर चूलही लागत नाही, तसं मला वाटलं. तिने कुणाचं नाव लिहिलं होतं? कुणाच्या नावाआधी 'कै.' लावताना ती थांबली होती?

तेवढ्यात झुंबरबाई आल्या. निवृत्तीभाऊ मागच्या वर्षी वारले होते आणि आता धाकटीचं, अश्विनीचं लग्न ठरलं होतं. त्यांना पत्रिकेवर तीच ओळ हवी होती, त्याच अक्षरात. मूळ कागद केव्हाच हरवला होता. घरातल्या पत्रिका वाळवीने खाल्ल्या होत्या, आणि नातेवाइकांपैकी कुणी जुनी पत्रिका ठेवत नाही. निवृत्तीभाऊंचं अक्षर आता जगात एकाच ठिकाणी होतं, माझ्यापाशी.

माझ्यावर ती पत्रिका उघडायला गेलं की मी मध्येच गोठे; समताला ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेता आली असती, पण तिथे ती उघडत नव्हती. आमचं अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर फार जुनं. ते करणारे दुकान बंद करून गेले आणि त्यांची सीडी चरे पडून निकामी झाली. त्यामुळे मला उचलायचं तर तुकड्यातुकड्याने नाही, जशीच्या तशी उचलायला हवी होती. समताने तसा माझा पुरता साचा घेतला. त्याला इमेज म्हणतात; ती दाबून लहान करून दुसऱ्या कॉम्प्युटरवर ठेवता येते. मग ती इमेज नव्या डिस्कवर उतरवायला घेतली.

पडद्यावर लाल अक्षरं आली. जागा कमी आहे, उतरवता येत नाही.

मला झालेला आनंद मी लपवणार नाही. समता चक्रावली. माझ्यातलं सामान तर शंभरसुद्धा भरत नव्हतं. तिला वाटलं, साचाच बिघडला असेल. तिने दुसरा घेतला. तेच उत्तर. मग शेजारच्या सायबर कॅफेतून दुसऱ्या कंपनीची पाचशेची डिस्क मागून आणली. तीही नाही म्हणाली! पाचशे लिहिलेली प्रत्येक डिस्क शेवटच्या दाण्यापर्यंत सारखी नसते; ती माझ्याहून केसभर लहान निघाली. मी मनात म्हटलं, बघा, माझ्या मापाची दुसरी मिळत नाही.

शेवटी समताने बुलडाण्याच्या मैत्रिणीला, मंजुश्रीला फोन लावला. तिने समजावलं की इमेज सामान मोजत नाही, खोली मोजते. खोली पाचशेची, मग आत चार भांडी असोत की चाळीस, ती तेवढीच जागा मागते. एक तर मोठी डिस्क आणायची, पण ती अकोल्याहून येईपर्यंत पत्रिका वाटायचे दिवस निघून जातील. नाहीतर मूळ डिस्कवरच खोली लहान करायची, सामान एका बाजूला सरकवून भिंत आत घ्यायची, आणि मग नव्याने साचा घ्यायचा. पण त्यात जुन्या डिस्कला सगळं उचलून ठेवावं लागतं. मध्येच ती बसली, तर हाती राहील फक्त जवळच्या कुठल्याच डिस्कवर न उतरणारा साचा.

म्हणजे आता सगळं माझ्यावर होतं. मी लहान व्हायचं, कुणासाठी, तर त्या चिमुरडीसाठी! मी टक्‌ टक्‌ करू लागले. समताने सुरू केलं तशी मी पहिल्याच फेरीत गोठले. तिने बंद करून मला थंड होऊ दिलं.

झुंबरबाई बाकावर बसून होत्या. त्यांनी विचारलं, "याच्यात हायेत का वो ते?"

"हाव काकू."

"मंग काऊन निघून नाही राह्यलं?"

समता म्हणाली, "थकली हाय काकू. उचलाले लावलं की बसते."

झुंबरबाई उठल्या आणि कॉम्प्युटरच्या उघड्या डब्यापाशी येऊन माझा आवाज ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "घाई नको करू बाई. आमचे हे बी शेवटी असेच झाले होते. इचारलं की थांबत. पण थांबू देलं की सांगत."

कचरूभाऊ कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होते. ते चाचपडत उठले, दुकान समताकडे आल्यापासून गिऱ्हाइकांकडे वळलेला पंखा त्यांनी माझ्याकडे फिरवला आणि माझ्या पाठीवर तळहात ठेवला. "भिंत नको म्हणलं होतं मीच," ते म्हणाले. "आता आत घे माय. तेवढीच घे."

कितीतरी दिवसांनी माझ्या अंगाला वारा लागला होता. मी उचलायला लागले. निवृत्तीभाऊंची पत्रिका त्या टोकाला होती, जिथे मी सर्वांत जास्त दुखत होते. माझा हात तिच्यावर अडखळला, पुन्हा गेला, पुन्हा अडखळला. समताने बंद करायचं बटण दाबलं नाही. ती थांबली. मग ते कललेलं अक्षर मी उचललं आणि अलीकडे आणून ठेवलं. तापले की समता काम थांबवी, गार झाले की पुन्हा लावी. संध्याकाळपर्यंत भिंत आत आली. माझा मोकळा पसारा, ज्याचा मला एवढा गर्व होता, तो भिंतीपलीकडे राहिला.

नवा साचा नव्या डिस्कवर नीट बसला. पण समताने एवढ्यावर विश्वास ठेवला नाही. तिने मला काढून ठेवलं, त्या चिमुरडीला एकटीलाच सुरू केलं आणि आधी ती पत्रिका उघडली. पडद्यावर ओळ आली. झुंबरबाईंना वाचता येत नाही. त्यांनी पडद्यावरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि बरोबर आपल्या नावावर थांबवलं.

मित्रांनो, आता ती चिमुरडी माझ्या जागी आहे आणि मी खणात आहे. तुमच्याही घरी माझ्यासारखी एखादी असेल. ती टक्‌ टक्‌ करू लागण्याआधीच तिची प्रत घ्या, आणि प्रत घेतलीत की उघडून पाहा. कुणाला लहान घरात न्यायचं असेल, तर रिकामी जागा आधी मिटवा. आणि जुन्याला उचलायला लावाल, तेव्हा पंखा त्याच्याकडे फिरवा.

पत्रिका छापून आल्या, त्या दिवशी झुंबरबाईंनी गठ्ठा सोडला आणि एका पत्रिकेच्या कोपऱ्यांना हळद लावली. समताला वाटलं, ती देवापुढची असेल. त्यांनी विचारलं, "ते जुनं कुठं ठेवलं?" मग खण ओढून ती पत्रिका ओढणीच्या घडीत, माझ्या अंगावर ठेवली.

ती अजून माझ्यापाशी आहे. त्या चिमुरडीला मात्र मिळाली नाही.