पाण्याखालची कोरडी राख

सोमवारी सकाळी गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्याच्या काठावर पाय ठेवायला जागा नव्हती. काठालगतच्या पाण्यात लहानशा डोंग्यात उभे राहून जलधुनी महाराज ओरडत होते, "इथं, बरोबर चाळीस हात खाली, तुमच्या गावची धुनी आहे! सरकारनं गाव बुडवलं. धुनी विझली काय?"

"नाई विझली!" काठ गरजला.

महाराजांनी पितळेचा लोटा कोपरापर्यंत पाण्यात दाबला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि लोटा वर काढून त्यातली मूठभर राख हवेत उधळली. ठणठणीत कोरडी राख! बाया रडू लागल्या. गाव पाण्याखाली जाऊन बारा वर्षं झाली होती. पुनर्वसनाच्या घरांत नळ होता, वीज होती, फक्त गाव नव्हतं. त्या गावची राख मिळते म्हटल्यावर कोण हात मागं घेईल?

"ताप, खोकला, मूतखडा, सुनेचा राग, पोराची दहावी! सगळ्याले तीन पुड्या. चौथी घेऊ नका, धुनीमाय कोपते!"

सोय उत्तम होती. गुण आला तर धुनीची कृपा, नाही आला तर तुम्ही चोरून चौथी घेतली असणार.

मी भंडाऱ्याच्या एका लॅबमध्ये काम करते. त्या दिवशी रजा टाकून आले होते ती शेजारच्या शकुनकाकीला शोधायला. ती रांगेत सापडली, उन्हात कुडकुडत.

"काकी, एवढा ताप हाय अन् इथं काहून उभी?"

"मागल्या महिन्यात तीन पुड्यात पसार झालता ना, पोरी. आता वापस आला त वापस पुड्या."

"वापस आला म्हणजे गेलाच नव्हता. दवाखान्यात चाल."

"दवाखान्यात गेलेला भाऊ वापस आला काय?" काकी म्हणाली, आणि लगेच ओठ चावला.

भाऊ म्हणजे माझे वडील, गोपीचंद. त्यांना जाऊन अकरा महिने झाले. आमच्या घरी बुवा-महाराज कधीच चालले नाहीत. बाबांच्या कपाटात पुस्तकं होती, देव्हारा नव्हता. पण तापात काकी मायेनं पुड्या घेऊन आली, आणि शेजारणीला नाही म्हणणं त्यांना जमलं नाही. "राखच आहे, फार तर दात स्वच्छ होतील," असं मला डोळा मारत म्हणाले. ताप उतरला. आम्ही हसलो. पाचव्या दिवशी तो परत आला तो रक्तात विष घेऊनच. त्यांचं रक्त मीच लॅबच्या यंत्रात लावलं. कोणतं औषध चालेल याचं उत्तर यंत्रानं दिलं, तेव्हा ते द्यायला बाबा नव्हते.

काकीशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी सौदा केला. "तुही एक पुडी मले दे. अन् या बाटलीत लघवी दे. परवा उत्तर आणतो."

"परवा? महाराजाचा गुण रातोरात येते!"

"भात शिजाले वेळ लागते का नाई? जंतू वाढालेही लागते."

"जंतूचा भात शिजवते म्हणे," काकी रांगेतल्या बाईला म्हणाली. पण बाटली घेतली, आणि पुड्या मिळाल्यावर एक मला दिली.

लघवीचा थेंब मी जंतू वाढवायच्या प्लेटवर पसरला; मंगळवारी तिथं काकीचे जंतू दाट उगवले होते. आमचं यंत्र लहान फ्रिजएवढं आहे. त्यात पत्त्याएवढी प्लास्टिकची कार्डं जातात, प्रत्येकात चौसष्ट बारीक खळगे. एका कार्डात जंतूंसाठी निरनिराळे खाऊ, दुसऱ्यात निरनिराळी औषधं. यंत्र दर पंधरा मिनिटांनी आत डोकावतं: कोणता खाऊ संपला, कोणत्या औषधात जंतू वाढले, कोणत्यात मेले. खाण्याच्या सवयीवरून नाव कळतं, मरण्यावरून औषध. मंत्र लागत नाही, वीज लागते.

कार्डं लावून झाल्यावर मी दोन प्लेटा घेतल्या. एकीवर लॅबमध्ये जपून ठेवलेला साधा, कोणत्याही औषधाला न सरावलेला जंतू पसरला, दुसरीवर काकीचा. दोन्हींवर एका बाजूला महाराजांची राख ठेवली, दुसऱ्या बाजूला माझ्या घरच्या चुलीतली.

बुधवारी लॅबच्या प्रमुख रीता मॅडमनी पहिली प्लेट उजेडात धरली आणि ओरडल्या, "मनाली, तुमच्या धुनीत प्रताप आहे हो!"

महाराजांच्या राखेभोवती रुपयाएवढं स्वच्छ वर्तुळ होतं. तिथला एकूण एक जंतू मेला होता. माझ्या चुलीच्या राखेभोवती काहीच नव्हतं.

"राख तर राखच," मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या. "मग हिच्यात जास्तीचं काय आहे?"

दुसऱ्या प्लेटवर, काकीच्या जंतूवर, महाराजांची राखही हरली होती. जंतू तिच्यावर चढून वाढले होते.

उत्तर संध्याकाळी गावात शिरताना दिसलं. महाराजांचा डोंगा वल्हवणाऱ्या बाबुलाल कोळ्याच्या धानाच्या बांधीवर पाखरं हाकलायला चमचमत्या पट्ट्यांची माळ बांधली होती. जवळ जाऊन पाहिलं तर गोळ्यांची रिकामी पाकिटं. सगळ्यांवर एकाच औषधाचं नाव.

"हे कुठून आणले, बाबुलालभाऊ?"

"जाळ्यात येतेत ना! महाराज डोंग्यातून फेकून राहिला. मासोया कमी अन् ह्या चांदीच्या पट्ट्याच जास्त." तो हसला. "अन् लोट्याचं सांगू काय? पालथाच जाते पाण्यात. पालथ्या भांड्यात पाणी शिरते काय? राख आंधीच आतून बुडाले चिकटवली रायते."

"मग बोलला काहून नाही?"

"मले कोनं विचारलंच नाई!"

काकी खाटेवर पडून होती. मी फोनवर दोन्ही प्लेटांचे फोटो दाखवले, मग यंत्राचा अहवाल. पाकिटावरच्या औषधापुढं 'चालत नाही' असा शेरा होता. चालणारी औषधं खाली तीनच उरली होती.

"राखेत गोळी कुटलेली हाय, काकी. तीन पुड्यात अर्धे जंतू मेले. उरले ते गोळी वळखू लागले."

तिनं फोन स्वतःकडे ओढला. "मंग भाऊच्या आंगातले?"

खोटं बोलता आलं असतं. "तेही ओळखत होते," मी म्हटलं. "पण ताप उतरला तेव्हा तपासणी थांबवली ती मी. लॅबवाली मी. तू तर मायेनं दिलं होतं."

काकीनं पदरानं तोंड पुसलं. "गाडी बलाव," ती म्हणाली.

दहा दिवसांच्या औषधानंतर आलेल्या सोमवारी ती स्वतःच्या पायांनी काठावर आली. बाबुलालनं बादलीत स्टीलचा पेला पालथा बुडवला, आत खोचलेला रुमाल कोरडाच काढला, आणि लहान पोरं त्या पेल्यासाठी भांडू लागली. महाराज गरजले, "अविश्वासानं धुनीमाय कोपली!"

"कोपू दे," काकी पुढं होत म्हणाली. "डाक्टरनं मले औषधीचं नाव सांगतलं, दिवस सांगतले. तू सांग. तुह्या राखेतल्या गोळीचं नाव काय? अन् तीनच पुड्या काहून?"

महाराज आभाळाकडे पाहू लागले.

"म्या माह्या हातानं ही पुडी एका चांगल्या मानसाले देल्ली," काकी लोकांकडे वळून म्हणाली. "तो मेला. आता कोनं कोनाले देऊ नका."

एका बाईनं कनवटीची पुडी काढून काकीच्या हातात दिली, मग दुसरीनं. महाराजांनी डोंगा दुसऱ्या काठाकडे हाकायला सांगितला; बाबुलालनं वल्हं खाली ठेवलं आणि मी बोलावलेले पोलीस येईपर्यंत तंबाखू मळत बसला.

वाचकहो, गुण आला एवढ्यानं काही खरं ठरत नाही. तो कशानं आला ते पाहावं लागतं. बुडालेल्या गावाची आठवण आपली आहे, ती पुडीत बांधून कोणी विकू नये. औषध हातात घेताना नाव विचारा, किती दिवस ते विचारा, आणि ज्याला सांगता येत नाही त्याच्या हातचं तोंडात घालू नका. हे दोन प्रश्न त्या दिवशी आमच्या घरात मी विचारले नाहीत. तुम्ही विचारा.