दोन-दोन मतांची गाडी

मी एक जुनी, छप्पर मागे घडी होणारी गाडी आहे, मित्रांनो, आणि मी रागावलेली आहे. आपली कहाणी सांगताना वस्तू सहसा नम्र असतात. मला तेवढा वेळ नाही.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला. माझ्या पुढच्या-मागच्या गाड्यांना पत्र्याचं छप्पर होतं, मला कापडाचं. बटण दाबलं की मोटर घुरघुरते आणि छप्पर उभं राहतं, पुन्हा दाबलं की मागे जाऊन झोपतं. माझा पहिला मालक दातांचा डॉक्टर होता. त्याने मला वीस वर्षं वाऱ्यावर पळवलं. मग वाऱ्यावर सोडलं. पुढची नऊ वर्षं मी त्याच्या शेडमध्ये होते. एका कोंबडीने माझ्या मागच्या सीटवर अंडी उबवली. पिल्लं झाली, मोठी झाली, आपापल्या संसाराला लागली. मी तिथेच.

मग आजोबा आले. त्यांनी तीस वर्षं बस चालवली होती. माझ्या बॉनेटवर टिचकी मारून ते घरच्यांना म्हणाले, "हिच्यात जीव आहे. आयुष्यभर पाठीमागे पन्नास माणसं आणि डोक्यावर पत्रा घेऊन हिंडलो. एकदा मोकळ्या डोक्याने गाडी चालवायचीय, बस्स."

त्यांचा डावा गुडघा तेव्हाच कुरकुरत होता. क्लच डाव्या पायाने दाबतात, मित्रांनो. एवढं लक्षात ठेवा. त्या घरात कोणी ठेवलं नाही.

आजोबांचा मुलगा ऑफिसात बैठका घेतो. बैठक संपली की ती कशी झाली यावर दुसरी घेतो. मी अंगणात येताच त्याने जाहीर केलं, "हा सगळ्या घराचा प्रकल्प आहे. एकट्याने कोणी पान्यालाही हात लावायचा नाही. दर रविवारी जमायचं, हात वर करून ठरवायचं. समसमान झालं, तर निर्णय पुढच्या रविवारी."

घरात माणसं चार. आजोबा, मुलगा, सूनबाई आणि नात. चार माणसांत दोन-दोन मतं पडायला फार अक्कल लागत नाही, आणि तेवढी त्या घरात मुबलक होती.

माझ्या आरशावर पाच रविवार गेले. हॉर्नवर नऊ. रंगावर अकरा रविवार भांडून झाल्यावर एक शेवाळी रंग निघाला, जो चौघांनाही सारखाच नावडला. तो बिनविरोध मंजूर झाला. तोच मी आज अंगावर वागवते आहे.

"सीट तपकिरी घेऊ या. डाग दिसत नाहीत," सूनबाई म्हणाल्या.

"डाग पाडणार कोण? आपण थोडेच बसणार आहोत!" मुलगा म्हणाला.

ऐकलंत? गाडीत बसणार नाहीत. मग मला काय देव्हाऱ्यात ठेवणार होते?

पहिल्या वर्षी आजोबा पाठीवर सरकत माझ्याखाली शिरायचे. दुसऱ्या वर्षी स्टुलावर बसून बोल्ट आवळायचे. तिसऱ्या वर्षी खुर्चीतून काठीने दाखवायचे, "तो नाही रे, त्याच्या शेजारचा." माझा गंज उतरत होता आणि त्यांच्या गुडघ्याला चढत होता. शेवटी डॉक्टरांनी ऑपरेशनसाठी एका सोमवारची तारीख दिली आणि सांगितलं, "यापुढे क्लच विसरा."

आदल्या दिवशी रविवार होता. मी पूर्ण तयार होते. आजोबा काठी टेकत आले, दार उघडून स्टिअरिंगमागे बसले आणि म्हणाले, "किल्ली द्या."

"बाबा, ओरखडा आला म्हणजे? तीन वर्षांची मेहनत आहे," मुलगा म्हणाला.

"तुझी मेहनत काय ती, हात वर करायची!"

"चिडू नका ना. आपण मतदान घेऊ."

आजोबांनी हात वर केला. नातीने दोन्ही केले, त्यातला एक बाद ठरला. मुलगा आणि सूनबाई विरोधात.

"दोन-दोन. पुढच्या रविवारी बघू."

"पुढच्या रविवारी मी खाटेवर असेन रे."

"बाबा, नियम म्हणजे नियम."

माझं डोकं फिरलं. माझं डोकं म्हणजे छप्पर. कोणी बटणाला बोटही लावलेलं नसताना मी ते घुरघुरत वर केलं आणि तसंच ताठ उभं ठेवलं.

"तीन विरुद्ध दोन!" नात किंचाळली.

"शॉर्ट सर्किट झालंय," मुलगा म्हणाला, आणि माझं मत दुरुस्त करायला त्यांनी लगेच मेकॅनिक बोलावला.

त्याला सगळे पकडमामा म्हणतात, कारण खिशात रुमालाच्या जागी पकड असते. त्याने सगळ्या तारा तपासल्या, छप्पर मागे निजवलं आणि म्हणाला, "वायरिंग ठणठणीत आहे. चालवून बघितल्याशिवाय कळायचं नाही. कोण चालवतंय?"

मुलगा बसला. मी बंद पडले. त्याने पुन्हा चालू केली, मी पुन्हा बंद पडले. असं चार वेळा. हो, मुद्दाम.

"साहेब, क्लच आहे तो, ऑफिसातली घंटी नव्हे," पकडमामा म्हणाला. "उतरा. काका, तुम्ही या."

यावर मतदान झालं नाही. मेकॅनिकसमोर घरातली भांडणं काढायची नाहीत, एवढी लाज त्यांना होती.

आजोबांनी दोन्ही हातांनी आपली डावी मांडी उचलली आणि पाय क्लचवर ठेवला. शेजारी पकडमामा, मागे नात. फाटकातून बाहेर, पाण्याच्या टाकीला वळसा, शाळेवरून पुढे आणि परत. आजोबांचे उरलेसुरले केस उभे राहून वाऱ्यात नाचत होते. फाटकापाशी पाय थरथरायला लागला, तेव्हा त्यांनी मला न्यूट्रलमध्ये टाकून उतारावरून अलगद आत आणलं.

सात मिनिटं. एकशे छप्पन्न रविवार, आणि सात मिनिटं!

ऑपरेशन झालं. गुडघा आता वाकतो, पण क्लचपुरता नाही. नातीला गाडी चालवायला अजून पाच वर्षं आहेत. दर रविवारी माझं कव्हर काढतात, मला पुसतात, "काय चकाकतेय!" म्हणतात आणि पुन्हा झाकतात. आजोबांना शेजारी बसवून एक फेरी मारावी का, यावर दोन-दोन. छपराची तार कापावी का, यावरही दोन-दोन.

मित्रांनो, तुमच्याही घरात 'खराब होईल' म्हणून जपून ठेवलेलं काहीतरी असेल, आणि त्याच्याकडे बघत बसलेलं एखादं माणूस असेल. ओरखडा पडला तर मला रंग लावता येतो, शेवाळी का होईना. माणसाला लावता येत नाही. वस्तूची काळजी घ्या, जरूर घ्या. पण आधी त्या माणसाला विचारा, कुठे जायचंय? आणि ते उत्तर देत असताना हात वर करून उभे राहू नका.

किल्ली आणा.